दिवाळी फराळाचा फ्लेक्स : चालत्या गाडीवरची नजर कशी पकडावी

ताशी ४० किलोमीटर वेगानं दुचाकीवर जाणारा माणूस सेकंदाला ११ मीटर पुढे सरकतो. फ्लेक्सवरचं मोठं अक्षर त्याला ५५ मीटरवरून वाचता आलं, तर त्याच्या हातात पाच सेकंद असतात. त्यातही खड्डे, सिग्नल आणि पुढची रिक्षा यांच्याकडे लक्ष द्यावंच लागतं. फ्लेक्सच्या वाट्याला सलग दोन सेकंद आले तरी पुष्कळ झाले. जाहिरातीची सगळी आखणी या दोन सेकंदांवरून करायची. दुकानात बसून, कॉम्प्युटरच्या पडद्यावर चेहऱ्यापासून दीड फुटावर पाहून केलेली आखणी रस्त्यावर हमखास फसते.

उदाहरणासाठी महिला बचत गटाचा फराळाचा फ्लेक्स घेऊ. आकार नेहमीचा, दहा फूट रुंद आणि चार फूट उंच. अशा फ्लेक्सवर सहसा काय असतं? वर ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’, बाजूला पणत्या, खाली चौदा पदार्थांची यादी, कडेला सात-आठ फोटो, तीन मोबाइल नंबर आणि संपूर्ण पत्ता. यातली एकेक गोष्ट कुणाच्या तरी आग्रहानं आलेली असते. पण सगळ्यांना जागा द्यायची म्हणजे प्रत्येकाचं अक्षर लहान होतं आणि रस्त्यावरून एकही वाचता येत नाही.

एकच शब्द निवडा

चौदांपैकी एक पदार्थ पुढे काढा. ज्यासाठी गिऱ्हाईक घरी करण्याचा त्रास टाळून पैसे द्यायला तयार आहे, असा. चिवडा बरेच जण घरी करतात. चकली मात्र बिघडण्याची धास्ती असते : भाजणी जमायला हवी, मोहन बरोबर पडायला हवं, नाहीतर चकली तेलात विरघळते किंवा दगडासारखी होते. म्हणून मोठा शब्द ‘चकली’, त्यावर लहान ‘भाजणीची’, एक दर, एक मोबाइल नंबर. लाडू, करंज्या, अनारसे फोनवर विचारले जातातच. यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते. यादी वगळायला मन धजत नाही, हे खरं. तरीही वगळाच.

मोठ्या जाहिरातदारांनाही हाच नियम लागू पडतो. सिल्व्हेस्टर दा कुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांनी १९६६ मध्ये घडवलेली अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी पाहा. एक चित्र, एक ओळ, कोपऱ्यात नाव. मुलगी तीच राहते, ओळ बदलते; त्यामुळे ओळख पटायला वेळ लागत नाही आणि वाचायला नवं काहीतरी मिळतं.

अक्षराची उंची मोजून ठरवा

बोर्ड रंगवणाऱ्यांचा जुना हिशेब आहे : दर दहा फूट अंतराला एक इंच उंची. १८० फुटांवरून, म्हणजे साधारण ५५ मीटरवरून वाचायचा शब्द १८ इंच हवा. ही उंची शिरोरेषेपासून खालच्या टोकापर्यंतच्या अक्षराची. वेलांटी, मात्रा, उकार यांची जागा वेगळी धरावी लागते. इंग्रजीच्या सवयीनं काम करणारा डिझायनर पूर्ण पट्टी १८ इंच धरतो आणि प्रत्यक्ष अक्षर बाराच इंचांचं निघतं. ही चूक फार वेळा होते.

आपल्या चार फुटांची, म्हणजे ४८ इंचांची विभागणी अशी : ‘चकली’ला १८ इंच आणि वरच्या वेलांटीला ५, ‘भाजणीची’ला वेलांट्यांसकट ८, खालच्या नंबरच्या पट्टीला १०. उरलेले ७ इंच वरखाली मोकळे. नंबरचे आकडे सहा इंच उंच ठेवा. ते साठ फुटांवरून स्पष्ट दिसतात, म्हणजे सिग्नलला थांबलेल्यांसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी. नंबर पाच-पाच आकड्यांच्या दोन गटांत लिहा. बाकी मजकूर देवनागरीत असला तरी मोबाइल नंबर इंग्रजी आकड्यांत बरा. देवनागरी १ आणि ९ लांबून एकसारखे दिसतात.

देवनागरीच्या खोड्या

जाडजूड अक्षर लांबून दिसतं, पण जाडी वाढली की अक्षराच्या आतली फट बुजते. ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात फरक असतो तो डाव्या बाजूच्या लहानशा वळणाचा आणि शिरोरेषेतल्या तुटीचा. ती तूट भरली की ‘भाजणीची’चं ‘माजणीची’ होतं. ‘घ’ आणि ‘ध’ यांचंही तसंच. त्यावर जाड आउटलाइन आणि मागे सावली टाकली की ‘ण’ नुसता काळा ठोकळा दिसतो. आउटलाइन लावूच नका. पार्श्वभूमी नीट निवडली तर तिची गरज पडत नाही. मुक्ता किंवा बालू हे मोफत मिळणारे फॉन्ट ठळक वजनात वापरा आणि जागेत बसत नाही म्हणून शब्द आडवा दाबू नका. दाबल्यावर उभे दांडे बारीक होतात, आडव्या रेषा जाड राहतात आणि शब्द ओळखू येत नाही. बसत नसेल तर दुसरा शब्द काढून टाका.

छपाईला फाइल देण्याआधी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या रेषाकृतींमध्ये, बदलून घ्या. प्रिंटरच्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाते, जोडाक्षरं तुटतात आणि ‘साऱ्या’तला र भलतीकडेच उमटतो. पण कर्व्ह केल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून एक प्रत आधी वेगळी ठेवा. शुद्धलेखन तपासायला डिझाइन न पाहिलेला माणूस बसवा. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, तेही त्याला बघायला सांगा.

रंग जागा पाहून ठरवा

रंग निवडण्याआधी जिथे फ्लेक्स लागणार आहे तिथे जा. रस्त्याच्या पलीकडून मोबाइलवर फोटो काढा आणि डिझाइन त्या फोटोत बसवून पाहा. दिवाळीत सगळा चौक भगवा, पिवळा आणि लाल असतो. त्यात आणखी एक भगवा फ्लेक्स लावला तर तो मिसळून जातो. एकसारख्या वस्तूंच्या रांगेत वेगळी असलेली वस्तू जास्त लक्षात राहते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं. इथे त्याचा अर्थ सरळ आहे : गडद निळी पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं आणि पिवळा रंग फक्त दरासाठी. पिवळा दुसरीकडे कुठेही वापरला की दराचं वेगळेपण संपतं.

निळ्यावर लाल अक्षरं नकोत, कडा डोळ्यांपुढे थरथरतात. पांढऱ्यावर पिवळं उन्हात नाहीसं होतं. लाल-हिरव्याची जोडी ज्यांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत त्यांच्यासाठी बंदच.

फोटो एकच, मोठा, आणि तुमच्याच चकलीचा. नेटवरून उचललेल्या फोटोत पुष्कळदा दक्षिणेकडचा मुरुक्कू असतो. आपल्याकडच्या बायका तो एका नजरेत ओळखतात आणि विश्वास तिथेच उडतो. सकाळी खिडकीपाशी, प्रकाश बाजूनं येईल असा फोटो काढा म्हणजे काटे उठून दिसतात. एक चकली मोडून आतली नळी समोर ठेवा. ती नळी पाहूनच खुसखुशीतपणा कळतो, वेगळं लिहावं लागत नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला तर तो दाबला जातो आणि तीन फुटांवर छापल्यावर चौकोन दिसू लागतात.

माणसाचा चेहरा असला की नजर आधी तिकडे जाते. म्हणून मान्यवरांचे सात फोटो म्हणजे चकलीकडे जाणारी नजर सात वेळा वळवणं. चेहरा हवाच असेल तर एकच ठेवा आणि तो शब्दाकडे पाहणारा हवा; बघणारा त्याच्या नजरेमागे जातो.

छापण्याआधीची परीक्षा

आपल्या फ्लेक्सच्या एका फुटाला एक इंच धरा. डिझाइन ए-फोर कागदावर आडवं, दहा इंच बाय चार इंच छापा. त्यात ‘चकली’ दीड इंचाची होते. कागद भिंतीवर लावून पंधरा फूट मागे जा : रस्त्यावर १८० फुटांवरून जे दिसेल, तेच इथे दिसतं. आता शेजारच्या कुणाला तरी बोलवा, कागद दोन सेकंद दाखवून झाका आणि विचारा, “काय होतं?” “चकली” असं उत्तर आलं तर डिझाइन पास. “काहीतरी दिवाळीचं” असं आलं तर परत बसा. मग पाच फुटांवरून नंबर वाचून घ्या. तीन माणसांवर हे केलं की पुरे. कागदाचे दहा-वीस रुपये वाचवून चाळीस चौरस फुटांची छपाई वाया घालवू नका.

लावताना

चारही कडांना तीन इंच कोरे सोडा. चौकटीवर ताणताना कडा आत दुमडल्या जातात आणि नंबरचा शेवटचा आकडा चौकटीमागे गेला की सगळा खर्च फुकट. खालची कड आठ फुटांच्या वर हवी, नाहीतर समोर उभा राहिलेला टेम्पो सगळं झाकतो.

दिशा अक्षराच्या उंचीइतकीच महत्त्वाची आहे. रस्त्याला समांतर लावलेला फ्लेक्स वाहनाच्या रेषेपासून तीस फूट आत असेल, तर १८० फुटांवरून त्याची रुंदी सहाव्या हिश्शाइतकीच दिसते. दहा फुटांचा फ्लेक्स वीस इंचांची पट्टी होतो. म्हणून येणाऱ्या वाहनांकडे तोंड असलेली जागा शोधा : वळणाच्या समोरची भिंत, तीन रस्ते मिळतात तिथली बाजू. पश्चिमेकडे तोंड असेल तर चकचकीत फ्लेक्स संध्याकाळच्या उन्हात आरशासारखा चमकतो आणि नेमक्या गर्दीच्या वेळी वाचता येत नाही. तिथे मॅट घ्या.

परवानगी महापालिकेत किंवा नगरपालिकेत मिळते. पुण्यात त्या विभागाचं नाव ‘आकाशचिन्ह व परवाना’. परवानगीशिवाय खांबावर, झाडावर, सार्वजनिक भिंतीवर लावणं हा १९९५ च्या मालमत्ता विरूपण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. चाळीस चौरस फुटांच्या कापडावर वारा शिडासारखा भरतो, त्यामुळे बांधणीत कसर करू नका. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. ते होर्डिंग कितीतरी पट मोठं होतं, पण दुचाकीस्वाराच्या अंगावर सुटून आलेली लहान चौकटही जीव घेऊ शकते.

मजकुरात खोटं काही नको. ‘शुद्ध तुपातले’ लिहिलं तर तूपच हवं. ‘५०% पर्यंत सूट’ लिहून एखाद्याच पाकिटावर ती देणं ही फसवणूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून जवळचा धोका म्हणजे गल्लीतल्या माणसाला एकदा फसल्यासारखं वाटलं की तो पुढच्या दिवाळीला तुमच्या फ्लेक्सकडे बघतही नाही.

दसऱ्याला लावलेला फ्लेक्स दिवाळीपर्यंत साधारण तीन आठवडे राहतो. रोज त्याच रस्त्यानं जाणाऱ्याला आठवड्याभरात तो दिसेनासा होतो, कारण नजर सरावते. सगळा फ्लेक्स बदलायची गरज नाही. दोन फूट बाय एक फुटाची वेगळी पट्टी छापून दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावर चिकटवा : ‘ऑर्डर वसुबारसेपर्यंत’. तारीख खरी ठेवा आणि त्यानंतर खरंच ऑर्डर घेऊ नका. फोन आला की “कुठे पाहिलंत?” हे विचारून वहीत रेघ ओढा. दोन ठिकाणी फ्लेक्स असतील तर दोन रकाने करा. पुढच्या वर्षी जागेचे पैसे कुठे भरायचे ते त्या रेघांवरून ठरेल. भाऊबीज झाली की फ्लेक्स स्वतः उतरवा आणि सुतळ्या, तारा, खिळेही काढून आणा.