पिल्लाला ‘उष्णता’ झाली? आधी या चुका टाळा

शाळांना सुट्टी लागली की मुलं हट्ट धरतात आणि एप्रिल-मेमध्ये घरात कुत्र्याचं पिल्लू येतं. पिल्लाच्या दृष्टीने याहून वाईट मुहूर्त नाही. दोन-अडीच महिन्यांचा जीव, लसी अर्धवट, बाहेर ४० अंश आणि घरात दिवसभर खेळायला मोकळी मुलं. मोठं कुत्रं दमलं की आपोआप सावलीत जाऊन पडतं. पिल्लाला ती अक्कल अजून आलेली नसते, ते धाप लागली तरी चेंडूमागे धावतच राहतं. खेळ आपणच थांबवायचा. सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी साडेसहाच्या आधी पळापळ बंद, आणि खेळ एका वेळी दहा मिनिटं.

बाकीच्या बहुतेक चुका एकाच समजुतीतून होतात: आपल्याला जे थंड ते कुत्र्यालाही थंड. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या तळव्यांना थोडा येतो, पण त्याने भागत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, जिभेवरचा आणि तोंडातला ओलावा वाफ होऊन जाऊ द्यायचा, हाच त्याचा मुख्य मार्ग. म्हणूनच पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या पिल्लांना उन्हाळा सगळ्यात जड जातो. उन्हाळ्यात तोंड बांधणारी मुसकी का नको, तेही यावरूनच कळेल.

पंखा लावून निर्धास्त होणं ही पहिली चूक. पंख्याने आपला घाम वाळतो म्हणून आपल्याला गार वाटतं, कोरड्या केसाळ पिल्लाला तो फक्त गरम हवा मारतो. आधी ओल्या फडक्याने पोट, जांघा आणि चारही तळवे पुसा, मग पंख्यासमोर बसवा.

कूलरचं गणित गावावर अवलंबून आहे. नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम काम करतो, फक्त समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर तासाभरात खोली दमट होते. मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्यात हवेतच इतकं बाष्प असतं की कूलर त्यात भरच घालतो. जिभेवरचं पाणी उडत नाही आणि पिल्लू आणखी जोरात धापा टाकू लागतं. तिथे एसी २६-२७ अंशांवर ठेवा. एसी नसेल तर न्हाणीघराबाहेरची गार फरशी मोकळी करून द्या. पिल्लू महागडी गादी सोडून फरशीवर पोट टेकून झोपलं तर त्याला उचलून परत गादीवर ठेवू नका. आणि हो, पत्र्याच्या कूलरचं अर्थिंग तपासा. ओले पंजे, लोंबणारी वायर आणि दात शिवशिवणारं पिल्लू यांची गाठ पडू देऊ नये.

गच्चीवर, बाल्कनीत किंवा पत्र्याच्या शेडखाली बांधून ठेवणं तर नकोच. सकाळी दहाला सावली असलेल्या जागी दुपारी दोनला ऊन येतं, आणि साखळीला बांधलेलं पिल्लू सरकून सरकून किती सरकणार? बंद गाडीचंही तसंच. बाहेर ३५ अंश असताना गाडीच्या आतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढतं. काच दोन बोटं खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

फिरवण्याबाबत नेहमीचा सल्ला माहीत असेलच: हाताची पालथी बाजू डांबरावर पाच सेकंद टेकवा, टेकवली जात नसेल तर तळवे भाजणार. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटलाही हेच लागू. पण पिल्लाच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. लसी साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालू असतात. ऊन टाळायचं म्हणून पहाटे पाचला त्याला रस्त्याकडेच्या गवतात नेलं, जिथे गल्लीतली सगळी कुत्री येऊन गेलेली असतात, तर ऊन टळतं आणि पार्व्हो हा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा रोग गाठतो. त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. लसीकरण पूर्ण होईपर्यंत शी-शूची सवय घराच्या आवारातच लावा.

पाणी नुसतं ‘ठेवलेलं’ असून चालत नाही, ते पोटात गेलं का ते पाहावं लागतं. उन्हाळ्यात दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण ६० ते १०० मिली धरा, म्हणजे पाच किलोच्या पिल्लाला ३०० ते ५०० मिली. सकाळी मोजून भरा, रात्री उरलेलं मोजा. भांडं मातीचं, पसरट आणि जड हवं, दोन ठिकाणी ठेवा. सुकं खाणं देत असाल तर ते भिजवून द्या, पण भिजवलेलं अर्ध्या तासाच्या वर पडू देऊ नका, मे महिन्यात ते लगेच आंबतं. मुख्य जेवण उन्हाच्या आधी आणि सूर्यास्तानंतर, मधल्या वेळी थोडंथोडं.

आता स्वयंपाकघरातले उपाय. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही म्हणतात, तो खुशाल तुमच्या खिशात ठेवा. पिल्लाच्या तळव्यांना कांद्याचा रस चोळू नका, ते चाटणारच. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कच्चा असो वा शिजवलेला. त्रास लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात आणि लघवी गडद होते. थंडाव्यासाठी भिजवलेल्या मनुका, द्राक्षं हेही वर्ज्य, त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि कितीपर्यंत चालतील याचा भरवसा नाही. आंब्याचा गर एखादा चमचा चालेल. कोय मात्र लगेच कचऱ्यात, झाकणाच्या डब्यात. ती आतड्यात अडकली की ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसतं. कलिंगड बिया आणि साल काढून दोन-तीन फोडी. थंड म्हणून गायी-म्हशीचं दूध दिलं तर बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात, आणि जुलाबाने अंगातलं होतं-नव्हतं पाणीही जातं. ताक द्यायचं तर पातळ, बिनमिठाचं, दोन चमचे. शुगर-फ्री पेय अजिबात नको, त्यात साखरेऐवजी झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे.

यापेक्षाही महागात पडते ती ‘उष्णता झाली’ ही घरगुती परीक्षा. नाकातून रक्त आलं की आपण म्हणतो घोळणा फुटला, आणि डोक्यावर पाणी थापतो. कुत्र्याच्या नाकातून रक्त येणं हे उन्हाळ्यात बऱ्याचदा गोचीड-तापाचं, म्हणजे एर्लिकियाचं लक्षण असतं. त्यात रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. उन्हाळ्यात गोचीड वाढतात. रोज कानांच्या आत, पट्ट्याखाली आणि बोटांच्या बेचक्यांत बोट फिरवून पाहा, ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ हाताला लागली तर केस बाजूला करून बघा. मात्र मोठ्या कुत्र्यासाठी आणलेलं गोचिडीचं औषध पिल्लाला लावू नका, वय आणि वजन सांगूनच डॉक्टरांकडून घ्या. तसंच रक्ताळ, घाण वासाचे जुलाब आणि उलट्या हे ‘ऊन बाधलं’ म्हणून सोडायचं प्रकरण नाही. तो पार्व्हो असू शकतो, आणि सब्जा-दहीभात करत एक दिवस घालवला तर तेवढ्यात पिल्लू हातचं जातं.

केस भादरण्याबद्दल थोडक्यात: जर्मन शेफर्ड, हस्की, लॅब्रडॉर, पॉमेरेनियन यांची दुहेरी लव ऊन अडवते. रोज विंचरून गळके केस काढा, वस्तरा नको. शॅम्पू दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरे. नुसत्या पाण्याने भिजवायला हरकत नाही, पण कान आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

खरोखर ऊन लागलं तर जीभ रुंद, पसरट होऊन लोंबते, हिरड्या लालभडक होतात, लाळ चिकट दोरीसारखी येते, मागचे पाय लटपटतात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या पुढे गेलं की धोका, १०६ म्हणजे जिवावरचं संकट. पिल्लाला ताबडतोब सावलीत न्या आणि पोट, काखा, जांघा, मान यांवर सतत पाणी ओतत पंखा लावा. इथे एक साधी चूक होते. दुपारी नळाला गच्चीवरच्या टाकीतलं पाणी येतं आणि ते चटका बसेल इतकं तापलेलं असतं. आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन पाहा, नाहीतर माठातलं वापरा. उन्हाळाभर एक बादली घरात भरून ठेवली की प्रश्नच मिटला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो पाच मिनिटांत गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाईल. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारख्या माणसांच्या तापाच्या गोळ्या अशा वेळी उपयोगाच्या नाहीत, उलट घातक आहेत. दर पाच मिनिटांनी गुदमार्गाने तापमान घ्या, डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून. १०३ आलं की पाणी थांबवा, नाहीतर अंग गरजेपेक्षा गार पडतं.

डॉक्टरांना फोन पाणी ओतता ओतताच करा आणि गाडीतही एसी किंवा खिडक्यांचा वारा चालू ठेवा. पिल्लू तासाभरात शेपूट हलवू लागलं तरी दवाखाना चुकवू नका. मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची क्रिया यांचं नुकसान दोन-तीन दिवसांनीही उघड होतं. तेवढे दिवस लघवी किती वेळा आणि कोणत्या रंगाची होते, शी काळी आहे का, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके उठलेत का, हे रोज सकाळ-संध्याकाळ उजेडात बघून लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीला तो कागद सोबत न्या.