घटस्फोटाची केस आणि मूल: या चुका टाळा

पोटगीच्या आकड्यावर महिनोन्‌महिने घासाघीस होते आणि मुलाच्या भेटीचा मुद्दा शेवटच्या दिवशी एका ओळीत उरकला जातो: "वडिलांनी सोयीनुसार मुलाला भेटावे." सोय कोणाची, हे त्यात कुठेच नसतं. निकालानंतरची भांडणं बहुधा इथूनच सुरू होतात.

कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांच्या संमतीने न्यायालयात द्यायच्या लेखी अटींमध्ये, मोघम काही ठेवू नका. "दर दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी ११ ते संध्याकाळी ६, इमारतीच्या गेटवरून न्यावे, तिथेच आणून सोडावे, मूल आजारी असल्यास पुढच्या शनिवारी भेट" असं स्वच्छ लिहा. शाळेच्या सुट्ट्यांची वाटणी, वाढदिवस, व्हिडिओ कॉलची वेळ, पालकसभेला कोण जाणार, पासपोर्टच्या अर्जावर सह्या, फी कोणी किती आणि कोणत्या तारखेपर्यंत भरायची, हेही त्यातच घ्या. वकील "एवढं कशाला" म्हणाले तरी आग्रह धरा.

पोटगी थकली म्हणून भेट अडवू नका, आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवू नका. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज असतो, भेट नाकारली तर आदेशाच्या अंमलबजावणीचा. स्वतःच हिशेब चुकता करायला गेलात तर ते तुमच्याच विरोधात जातं. "मुलाच्या पोटगीचा हक्क सोडत आहे" असं आईने लिहून दिलं तरी मुलाचा हक्क संपत नाही, तो तिचा नसतोच. उत्पन्न लपवणंही महागात पडतं. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांना मालमत्ता व देण्यांचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं.

"पाच वर्षांखालचं मूल आईकडेच" हेही अर्धवट ऐकलेलं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात शब्द 'सामान्यतः' असा आहे. निर्णायक ठरतं ते मुलाचं हित.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मुलाला पढवण्याने. न्यायाधीश चेंबरमध्ये मुलाशी एकट्याने बोलू शकतात, समुपदेशकही बोलतात. आठ वर्षांचं मूल "बाबा जबाबदारी टाळतात" असं म्हणालं की वाक्य कोणाचं आहे हे कळायला वेळ लागत नाही. मुलाला मात्र एकाची बाजू घेतल्याची टोचणी राहते. ती कधी पोटदुखी होऊन बाहेर येते, कधी अंथरूण ओलं करण्यातून, कधी शाळेत गप्प बसण्यातून.

भेटीहून आल्यावर मूल रडलं की "तिथे काहीतरी झालं" असा निष्कर्ष लगेच काढला जातो. पुष्कळदा मूल रडतं ते एका घरातून दुसऱ्या घरात येण्याच्या ताणाने, आणि गेटवर आई-बाबांचा आवाज चढला म्हणून. देवाणघेवाण दोन मिनिटांत संपवा. फी, तारीख, वकील हे विषय तिथे नकोत, ते लेखी कळवा. आल्या आल्या उलटतपासणी घेऊ नका. जेवू द्या, खेळू द्या. तक्रार टिकली तर तारखेनिशी टिपून ठेवा आणि शाळेच्या समुपदेशकाला भेटा. मारहाण किंवा अत्याचाराची खूण दिसली तर मात्र थांबू नका: त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, पोलिसांत तक्रार द्या, भेटीला स्थगिती मागा.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्पर संमतीने अर्ज केला की काम झालं असं समजू नका. दुसरी मोशन, म्हणजे न्यायालयापुढे संमती पुन्हा नोंदवण्याचा टप्पा, साधारण सहा महिन्यांनी असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानुसार योग्य प्रकरणात न्यायालय ही मुदत माफ करू शकतं. घटस्फोटाचा हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून ठरलेली रक्कम टप्प्यांनी द्या आणि शेवटचा हप्ता दुसऱ्या मोशनच्या दिवसाशी बांधा.

मुलाच्या ताब्याचा आदेश कायमचा नसतो. मूल मोठं झालं, शाळा बदलली, कोणाची बदली झाली, तर बदलाचा अर्ज करता येतो. आपसात नवं वेळापत्रक ठरलं तरी ते दोघांच्या सह्यांनी न्यायालयात दाखल करा. तोंडी ठरलेलं पुढे सिद्ध करणं फार अवघड जातं.