जुन्या मासिकातलं बेसिक लिस्टिंग पुन्हा चालवायचं असेल तर

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या किंवा फाउंटनच्या फुटपाथवर 'कम्प्यूट!'सारख्या कम्प्युटरच्या मासिकाचा ऐंशीच्या दशकातला अंक मिळाला, तर पुढचे दोन-तीन अंकही आहेत का ते विचारा. लिस्टिंगमध्ये, म्हणजे वाचकाने टाइप करून चालवायच्या बेसिक भाषेतल्या छापील प्रोग्रॅममध्ये, छापताना राहिलेल्या चुकांची दुरुस्ती बहुधा त्यांतच सापडते.

मुंबईच्या दमट हवेत पिना गंजतात आणि गुळगुळीत कागद एकमेकांना चिकटतो. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, छपाई उचकटते. स्कॅन ४०० डीपीआयवर (इंचाला ४०० ठिपके), ग्रे मोडमध्ये करा आणि पानामागे काळा कागद ठेवा, म्हणजे मागची अक्षरं उमटत नाहीत. ओसीआरवर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर, मात्र भिस्त ठेवू नका. डॉट मॅट्रिक्सच्या (ठिपक्यांनी अक्षरं काढणाऱ्या प्रिंटरच्या) छपाईत त्याला शून्य आणि ओ, एक आणि लहान एल सारखेच वाटतात.

आधी लिस्टिंग कोणत्या मशीनचं आहे ते बघा. कमोडोर ६४ या घरगुती कम्प्युटरवर मेमरीतल्या ५३२८१ या पत्त्यावर पोक केलं, म्हणजे थेट आकडा लिहिला, की पडद्याचा रंग बदलतो. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये, म्हणजे डॉसवाल्या पीसीवरच्या बेसिकमध्ये, तो पत्ता म्हणजे मेमरीतला कुठलातरी बाइट. म्हणून कमोडोरसाठी व्हाइस एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) घ्या, जीडब्ल्यू-बेसिकसाठी पीसी-बेसिक किंवा डॉसबॉक्स.

एकाने वाचावं, दुसऱ्याने टाइप करावं. वीसेक ओळी झाल्या की सेव्ह करा, आणि रन करण्याआधी तर न चुकता. पोकमधला एक आकडा चुकला तरी मशीन लटकतं आणि सगळी मेहनत जाते.

खरा घोळ डेटाच्या ओळींत होतो. त्यांत नुसते आकडे असतात आणि प्रोग्रॅम ते रीड या आज्ञेने एकेक करून उचलतो. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये शून्याऐवजी ओ पडला, तर सिंटॅक्स एरर डेटाच्याच ओळीवर येते, ते सोपं. आकडाच गाळला गेला, तर 'आउट ऑफ डेटा' रीडच्या ओळीवर दिसते आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. अशा वेळी रीडचं लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग) किती वेळा फिरतं ते बघून डेटातले आकडे मोजा. आकड्यांची अदलाबदल झाली तर एररच येत नाही. 'कम्प्यूट!'चा ऑटोमॅटिक प्रूफरीडर हा प्रोग्रॅम ओळीगणिक चेकसम, म्हणजे ओळीतल्या अक्षरांवरून काढलेला पडताळ्याचा आकडा, दाखवायचा, पण १९८३ची मूळ आवृत्ती नुसती बेरीज करायची, त्यामुळे १२चे २१ झालेले तिला कळत नसत. ते काम डोळ्यांनीच करावं लागतं.

सगळं बरोबर असूनही खेळ क्षणात संपला, तर वेळ काढण्यासाठी टाकलेलं रिकामं फॉर-नेक्स्ट लूप आजच्या वेगात उडून गेलेलं असतं. डॉसबॉक्समध्ये सायकल्स, म्हणजे वेगाचं सेटिंग, ३००च्या आसपास आणा. जुन्या एक्सटी पीसीची चाल साधारण तेवढीच.