धबधबा खाली, कडा वर

जंगलात दोन-तीन रात्रींचा मुक्काम असला, तर धबधबा आणि कडा मी एका दिवशी करत नाही. नकाशावर दोन्ही वाटा सारख्याच चार-पाच किलोमीटरच्या दिसतात, पायांना मात्र त्या उलट्या लागतात. पाणी खालच्या अंगाला असतं. तंबूपासून धबधब्यापर्यंत बहुतेक वेळा उतारच असतो आणि सगळे गप्पा मारत पोचतात. चढ लागतो तो परतताना, ओल्या बुटांत, ऊन तापल्यावर. कड्याच्या वाटेवर आधी दम लागतो आणि परतीच्या उतारावर गुडघे बोलायला लागतात, तेही उजेड उतरत असताना.

म्हणून मी आधी परतीचा वेळ मांडते. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला हिशेब अजून कामाला येतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. धबधबा ४ किलोमीटरवर आणि ३०० मीटर खाली असेल, तर जायला पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ लागेल, यायला मात्र जवळजवळ एक तास वीस मिनिटं. सोबत मुलं किंवा वयस्कर माणसं असली की मी त्याची दीडपट करते, म्हणजे दोन तास. मग परत फिरायची वेळ ठरवते आणि ती तंबूवर थांबणाऱ्याला सांगून निघते. ती वेळ झाली की धबधबा पुढच्याच वळणावर असला तरी मागे वळायचं. याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

धबधब्यापाशी पोचल्यावर माझं पहिलं काम असतं एक दगड निवडण्याचं. पाण्याच्या काठावरचा, अर्धा बुडालेला, सहज ओळखू येणारा. हे मला माझ्या भाचीमुळे सुचलं. आम्ही ओढा ओलांडून पलीकडे बसलो होतो, डोक्यावर निळं आकाश होतं. ती मध्येच म्हणाली, "मावशी, मघाशी इथे एक पांढरा दगड होता ना?" मी पाहिलं तर दगड नव्हता, आणि पाण्यावर सुकी पानं आणि काटक्या वाहत येत होत्या. सगळ्यांना लगेच उठवून वर चढवलं. थोड्याच वेळात आम्ही ज्या दगडांवरून आलो होतो ते दिसेनासे झाले. वर डोंगरात कुठेतरी पाऊस पडला होता, आमच्यावर एक थेंबही नाही. पाणी उतरेपर्यंत तीन तास आम्ही पलीकडेच बसून राहिलो.

तेव्हापासून दर दहा मिनिटांनी मी तो दगड बघते. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहू लागला, आवाज जड झाला, यातलं एकही दिसलं-ऐकलं की सामान राहिलं तरी चालेल, माणसं वर गेली पाहिजेत. आणि ओलांडलेला ओढा फुगला, तर थांबायचं. ओघ जोराचा असेल तर गुडघ्याइतकं पाणीही माणसाला पाडतं. एरवी ओलांडताना बूट पायातच ठेवावेत, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवावा, तोंड प्रवाहाकडे करावं आणि काठी टेकवत एकेक पाऊल टाकावं. धबधब्याच्या माथ्यावर, जिथून पाणी कोसळतं तिथे, कधीच ओलांडू नये. तिथे पाय घसरला तर सावरायला जागाच नसते.

शेवाळ हिरवंच असतं असं नाही. काळा, तेल लावल्यासारखा चमकणारा कातळ त्याहून फसवा असतो. तुषारांनी जमीन भिजायला लागते तिथे आमची रेघ, मुलं त्याच्या पुढे जात नाहीत. डोहात पोहायचा मोह मला समजतो, पण धारेच्या थेट खाली नको. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे शरीर नीट तरंगत नाही, आणि कोसळणारं पाणी खाली दाबत राहतं. वरून दगडही येतात.

थोडं लांब बसण्यात तोटा नसतो. सूर्य पाठीशी घेऊन बसा. आपल्या डोक्याच्या सावलीपासून सुमारे ४२ अंशांवर, तुषारांत, इंद्रधनुष्य उमटतं. जागा थोडी बदलत राहिलं की ते सापडतं, आणि मुलं त्यात अर्धा तास रमतात.

कड्याचा दिवस वेगळा. पहाटे अंधारात निघून वर पोचलं आणि समोर नुसतं धुकं असलं, तरी लगेच उतरू नका. ऊन वर आलं की ते बऱ्याचदा फाटतं, आणि दरी तुकड्यातुकड्यांनी दिसू लागते. मला स्वच्छ दिवसापेक्षा हे जास्त आवडतं. वर वारा असतो, घामाने भिजलेल्या अंगाला लगेच थंडी भरते, म्हणून सुका सदरा सॅकमध्ये हवाच.

कड्याची कड गवताने झाकलेली असते आणि खालून पोकळ असू शकते. सॅक मागे उतरवून ठेवा आणि आपल्या उंचीच्या दुप्पट अंतरावर थांबा. खाली बघायचंच असेल, तर कडेचा कातळ अखंड आहे याची खात्री झाल्यावरच पालथं पडून. फोटोसाठी मागे मागे सरकणाऱ्याला मी हाताला धरून बसवते.

वीज चमकली की मोजायला लागा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तिशीच्या आत गडगडाट ऐकू आला, तर माथा लगेच सोडायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत चढायचं नाही.

संध्याकाळी वर असाल, तर हात ताठ करून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये बोटं आडवी धरून पाहा. एक बोट म्हणजे अंदाजे पाव तास. चार बोटं उरली की आम्ही उतरायला लागतो. टॉर्च तेव्हाच कपाळाला बांधून घेतो, उजेड असतानाच, आणि शिट्टी गळ्यात. वाट चुकलीच तर मिनिटाला सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. पलीकडून मिनिटाला तीन शिट्ट्या आल्या, तर कुणीतरी ऐकलंय. मग जागा सोडायची नाही.