ईव्ही चार्जर लावला की एमसीबी पडतो? या चुका टाळा

ऐन नवतप्यात, कडक उन्हाच्या त्या नऊ दिवसांत, आमच्या नागपूरच्या मनीष नगरातल्या घरी गाडी चार्जिंगला लावली की पाऊण तासात एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडायचा. वायरमन म्हणाला, "मोठा टाकून देतो भाऊ, कटकट मिटंल." मी आधी डीबी, म्हणजे एमसीबी बसवलेला डबा, उघडायला लावला. एमसीबीच्या स्क्रूखालची लाल वायर बोटभर तपकिरी होऊन कडक पडली होती. स्क्रू नीट आवळलेलाच नव्हता. जळलेला तुकडा कापला, वायरच्या टोकाला लग (दाबून बसवायची धातूची टोपी) लावला, एमसीबी नवा टाकला.

कारण न शोधता मोठा एमसीबी बसवणं ही सगळ्यात घातक चूक. तो वायरला वाचवायला असतो. बारीक वायरवर मोठा बसवला तर तो पडायच्या आधी वायर जळेल. ७.२ किलोवॅटचा चार्जर सुमारे ३१ अँपिअर ओढतो, तेही तासन् तास. त्यात घरगुती एमसीबीचं रेटिंग ३० अंश तापमान धरून दिलेलं असतं; त्याहून गरम झाला की तो कमी करंटलाच पडतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि पश्चिमेच्या भिंतीवरचा डीबी रात्री दहालाही हाताला गरम लागतो. तिथे ३२ अँपिअरचा एमसीबी टिकणार कसा? चार्जरसाठी स्वतंत्र लाइन टाका: १० चौरस मिमी तांब्याची वायर आणि ४० चा एमसीबी. ते होईपर्यंत करंट १६ अँपिअरवर आणा, चार्जिंग पहाटे करा. बिलावरचा मंजूर भारही पाहून घ्या.

लावल्या लावल्या पडत असेल, तर काय पडलं ते बघा: एमसीबी की आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). आरसीसीबी पडला असेल तर कुठेतरी करंट गळतोय. कूलरचा पंप, गीझर आणि चार्जर एकाच ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर असतील, तर प्रत्येकाची थोडी थोडी गळती मिळून तो पडतो. चार्जरचा न्यूट्रल दुसऱ्याच लाइनच्या न्यूट्रलला जोडला असेल तरीही पडतो.

चार्जरवर अर्थिंगचा लाल दिवा लागतो, तेव्हा काही जण सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून तो घालवतात. कृपा करून हे कुणालाही करू देऊ नका. मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो, आणि त्याच पत्र्याला आपली पोरं हात लावतात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ओल जाते, अर्थिंग कमजोर होतं. खड्ड्यात नियमित पाणी घाला, वायरमनकडून रेझिस्टन्स मीटरने मोजून घ्या, आणि दिवा विझल्याशिवाय गाडी लावू नका.