नेटवरच्या फोनला लाइन किती लागते, दोन मिनिटांत काढा
इतवारीतल्या आमच्या ऑफिसात १२ टेबलांवर नेटवाले फोन बसवले, न् दुपारी ४ वाजता समोरचा ओरडून राहिला की भाऊ आवाज कटून राहिला, अन् मी आपला डाउनलोड स्पीडच पाहत बसलो.

१. फोन किती ते सोडा, एकाच वेळी जास्तीत जास्त किती जण बोलतात ते मोजा. आमच्याकडे ५.

२. फोनच्या सेटिंगमध्ये कोडेक, म्हणजे आवाजाचा डेटा बनवायची पद्धत, पाहा. जी ७११ असेल तर एका कॉलला जायला साधारण ८७ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) न् यायलाही तेवढेच, सरळ १०० धरा. जी ७२९ असेल तर ३१ च्या आसपास, ४० धरा. बरेच जण नुसत्या आवाजाचे ६४ न् ८ धरतात, पॅकेटचं, म्हणजे आवाजाच्या प्रत्येक तुकड्याला जोडलेल्या पत्त्याबित्त्याचं, ओझं विसरतात न् तिथंच फसतात.

३. गुणाकार. ५ गुणिले १००, म्हणजे ५०० केबीपीएस. बस, एवढंच!

४. हे अपलोडशी ताडा, तेही गर्दीच्या वेळी, सकाळी रिकाम्या ऑफिसात नाही.

आमची अपलोड तशी भरपूर होती, पण नेमका ४ लाच बिलांचा बॅकअप क्लाउडवर चढून राहिला होता, तो रात्री ११ वर टाकला.

फक्त व्हीपीएनवरून, म्हणजे नेटवरच्या कुलूपबंद खासगी जोडणीतून, कॉल करत असाल तर हा आकडा पुरणार नाही, थोडा वाढवूनच धरा.