भाड्याच्या घरात नळ गळतोय? खर्च कुणाचा हे ठरवताना या चुका टाळा

पुण्यात कोथरूडला भाड्याने राहत होतो तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवून म्हणाले, "तुमच्या बाथरूमखाली आमच्या स्लॅबला ओल आलीय, बघून घ्या." मी घाईघाईने प्लंबर बोलावला. त्याने नहाणी ट्रॅपभोवतीची (बाथरूमचं पाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याभोवतीची) फरशी फोडून सांधा भरला, पैसे मी दिले. संध्याकाळी घरमालकांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "अहो, वॉटरप्रूफिंगची वॉरंटी होती. आता फरशी तुम्ही फोडलीत, तो कॉन्ट्रॅक्टर कशाला येतोय?"

आधी काम, मग फोन

माझी हीच चूक. पाणी वाहत असेल तर अँगल कॉक (नळाखालचा पाणी बंद करायचा छोटा कॉक) बंद करा, बादली लावा, व्हिडिओ काढून मालकांना पाठवा. फोडाफोड करायची तर प्लंबरने सांगितलेला आकडा व्हॉट्सॲपवर कळवून "हो" मिळवा. फोनवरचं "घ्या करून, बघू नंतर" महिनाअखेरीस कुणालाच आठवत नाही.

जागा बघणं, कारण न बघणं

"बाथरूम तुम्ही वापरता, खर्च तुमचा" हे अर्धंच खरं. वॉशर झिजला, सिंक चहापत्तीने तुंबलं, जेट स्प्रे तुटला, तर हा वापरातला खर्च. तो निमूट करावा. भिंतीतला जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजला तर तो मालकांचा. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात साधारण अशीच वाटणी आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण बोलणी करताना दाखवायला बरा.

खरी भांडणं गिझरवरून होतात. त्या कायद्यात गिझरची दुरुस्ती भाडेकरूकडे आहे. पण वाघोली-उंड्रीकडे बोअर आणि टँकरचं जड पाणी असतं, कॉइलवर क्षारांचा थर चढतो. आठ वर्षांच्या थराचा खर्च सहा महिन्यांपूर्वी आलेल्याने का भरायचा? माझ्या मते भरू नये. म्हणून प्लंबरला "कशामुळे झालं?" हे विचारा आणि काढलेली कॉइल किंवा पाइपचा तुकडा फेकू नका, मालकांना दाखवा.

सोसायटीला विसरणं

गळती सामाईक पाइपची किंवा गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाची असेल, तर आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) ते काम सोसायटीचं. फ्लॅटच्या आतल्या संडास-सिंकची गळती त्या फ्लॅटच्या सभासदाची. सोसायटीकडे अर्ज मात्र मालकांनी करायचा, कारण सभासद ते आहेत.

परस्पर भाड्यातून कापणं

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 14 सगळे एकमेकांना सांगतात: दुरुस्ती मालकाची, त्याने टाळली तर 15 दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने करावी आणि खर्च भाड्यातून वजा करावा. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश, म्हणजे महिना 20,000 भाडं असेल तर वर्षाला 60,000. गोम अशी की पुण्यात बहुतेकांचा करार 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असतो. त्यात तुम्ही कायद्याने भाडेकरू नसून परवानाधारक, म्हणजे लायसन्सी, असता. तिथे कलम 14 पेक्षा करारात काय लिहिलंय तेच कामी येतं. आणि छापील नमुन्यात लिहिलेलं असतं, "किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने करावी." किरकोळ म्हणजे किती? सही करण्याआधी तिथे आकडा घालून घ्या. एका दुरुस्तीला हजार रुपयांपर्यंत, त्यावरचं मालकांचं, असं काहीतरी.

किल्ली घेताना नळ न उघडणं

सगळे नळ एकदम सोडा, फ्लश करा, सिंकखाली हात फिरवून बघा, फोटो त्याच दिवशी मालकांना पाठवा. डिपॉझिट परत घेताना ते लागतात. आणि जमलं तर खालच्या मजल्यावरची बेलही वाजवा. ओल कधीपासूनची आहे हे तिथल्या काकांना तारखेसकट ठाऊक असतं.